नवा म्हणून गळ्यात मारलेला संगणक आणि माझे १,७०,८६० रुपये

पैसे गेले याचे दुःख आहेच, पण ते मी माझ्या हाताने, एकेका हप्त्याने, दर वेळी समोरच्या माणसाचे आभार मानत दिले, याची चीड मला आजही स्वस्थ बसू देत नाही. घरातल्यांखेरीज कोणाला हे सांगायचे नाही असे मी ठरवले होते. परंतु गेल्या महिन्यात आमच्याच व्यवसायातील एका ओळखीच्या बाईंनी त्याच विक्रेत्याकडे नव्या डेस्कटॉपसाठी पैसे भरल्याचे सांगितले, तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहायचे ठरवले. विक्रेत्याचे नाव प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे येथे देत नाही.

कराडजवळच्या एका तालुक्याच्या गावी आमचा छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. यजमान लग्नकार्यांचे चित्रीकरण करतात. संकलन आणि अल्बमचे काम मी करते. जुना संगणक नऊ वर्षांचा झाला होता, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या सराईत तो टिकणार नाही हे दिसत होते. याच सुमारास, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये, एएमडी या कंपनीचे रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, बाजारात आले. पुण्यातील एका विक्रेत्याने ते घालून, व्हिडिओ संकलन करणाऱ्यांसाठी म्हणून, स्वतःच्या नावाचे एक नवे डेस्कटॉप मॉडेल जाहीर केले होते. रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, सोळा-सोळाच्या जोडीने ३२ जीबी रॅम, १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, माहिती साठवण्यासाठी एक टीबीची नवी एसएसडी, ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय, आणि किंमत १,६८,५०० रुपये. भाव अवास्तव स्वस्त असता तर मीही सावध झाले असते. तो इतरांपेक्षा जेमतेम पाच-सहा हजारांनी कमी होता, आणि म्हणूनच मला त्यात काही वावगे वाटले नाही.

२ सप्टेंबरला, गणपतीच्या पाच दिवस आधी, मी ५०,००० रुपये भरले. कार्डाने दिल्यास दोन टक्के जास्त पडतील असे सांगण्यात आले, म्हणून ३,३७० रुपये वाचवण्यासाठी मी यूपीआयने पैसे पाठवले. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत बँकेकडे वाद उपस्थित करून ते परत मागण्याची सोय असते; स्वतःचा पिन टाकून यूपीआयने पाठवलेल्या पैशांबाबत बँक हात वर करते. मोठी रक्कम अनोळखी विक्रेत्याला द्यायची असेल, तर ते दोन टक्के मुकाट्याने द्यावेत. शिवाय कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले होते. मी विचारलेही, ‘मालकांचे खाते आहे, ताई’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले.

एकवीस कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे दसऱ्याच्या आधी, संगणक घरी येणार होता. २८ सप्टेंबरला विक्रेत्याचा फोन आला. जोडणी सुरू करायची आहे, पण प्रोसेसर कंपनीनेच बाजारात आणण्याची तारीख पुढे ढकलल्यामुळे माल कमी येतो आहे, तेव्हा आणखी ६०,००० रुपये भरून माझा प्रोसेसर राखून ठेवावा, असे तो म्हणाला. पुरावा म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका बातमीचा दुवा पाठवला. मी स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात उलथने होते, दुसऱ्या हातातल्या फोनवर मी मथळा वाचला. मथळा खरा होता. एएमडीने ९७००एक्स ३१ जुलैला आणण्याचे जाहीर केले होते, आणि पहिल्या खेपेतील माल अपेक्षित दर्जाचा नाही असे स्वतः सांगून तो ८ ऑगस्टला आणला. माझी चूक नेमकी येथे झाली. बातमी जुलैची होती. ज्या उशिराचे कारण तो मला सांगत होता, तो उशीर मी पहिला रुपया देण्याच्या पंचवीस दिवस आधीच संपलेला होता! मथळ्याच्या खाली, बारीक अक्षरांत, तारीख लिहिलेली होती. बोट एकदा वर सरकवले असते तर ती दिसली असती. सासूबाई मागून म्हणाल्या, ‘पितृपंधरवडा चालू आहे, नव्या वस्तूचे पैसे आत्ताच कशाला देतेस?’ मी त्यांना गप्प केले आणि ६०,००० पाठवले. ही एक संध्याकाळ मी त्यानंतर कितीतरी रात्री पुन्हा पुन्हा आठवली आहे.

कोणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई फसली कशी. मी फसले कारण बातमी खोटी नव्हती. साफ खोटे बोलणारा माणूस ओळखता येतो. खऱ्या गोष्टीची तारीख लपवणारा ओळखायला वेळ लागतो. आणि सराई तोंडावर आलेली असताना, चार लग्नांची आगाऊ रक्कम घेतलेली असताना, ५०,००० रुपये अडकलेले असताना मी नाही म्हणून जाणार कोठे होते?

त्यानंतर कारणांची रीघ लागली. दसऱ्याला चीनमधील ऑक्टोबरच्या सुट्ट्यांमुळे कॅबिनेट अडकले होते. २१ ऑक्टोबरला संगणक ‘तयार’ झाला आणि उरलेले ५८,५०० भरल्याशिवाय तो गाडीत चढणार नाही असे कळले. त्याबरोबर वाहतूक विम्याचे २,००० आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी धरून २,३६० रुपये वेगळे. त्या विम्याचा कागद मला आजतागायत मिळालेला नाही. तीन दिवसांनी पार्सलचा क्रमांक आला. तो टाकला की ‘लेबल तयार झाले’ एवढेच दिसायचे. महिनाभर तेच दिसत राहिले. विधानसभेच्या आचारसंहितेमुळे नाक्यानाक्यावर गाड्या तपासत आहेत, असे तो सांगत होता, आणि मी ते मानत होते. लेबल छापणे म्हणजे माल वाहतूकदाराच्या हाती देणे नव्हे, हे कुरिअरच्या कार्यालयातील एका मुलाने मला दोन मिनिटांत समजावले. पण त्याला विचारायला मी गेले तोवर नोव्हेंबरची १८ तारीख उजाडली होती. पुण्याहून आमच्याकडे एसटी चार-पाच तासांत येते. एकदा उठून जाऊन त्याचे दुकान डोळ्यांनी पाहावे, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचू नये?

२७ नोव्हेंबरला, पैसे भरल्यापासून ८६ व्या दिवशी, खोके आले. यजमानांनी खोके उघडताना फोनवर चित्रीकरण केले, पण कॅबिनेट बाहेर काढून टेबलावर ठेवताच ते थांबवले. येथे हात जोडून सांगते, चित्रीकरण थांबवू नका. झाकण उघडा, आतील प्रत्येक भागावरील क्रमांक दाखवा, संगणक सुरू करा, पडद्यावर प्रोसेसरचे नाव येईपर्यंत फोन खाली ठेवू नका.

कॅबिनेटची काच कोपऱ्यात तडकली होती. आत ग्राफिक्स कार्डाला आधार म्हणून फोमचा तुकडासुद्धा घातलेला नव्हता. प्रवासात ते जड कार्ड खाचेतून अर्धवट निसटून लोंबत होते. ते नीट बसवून संगणक सुरू केला आणि कामाला लागले. संकलन चालायचे, पण अंतिम व्हिडिओ तयार करायला लावला की दहा-पंधरा मिनिटांत संगणक आपोआप बंद पडायचा. चार दिवस मला आमच्या विजेचाच दोष वाटला. अखेर गावातील दुरुस्ती करणाऱ्या मुलाला बोलावले.

त्याने आधी टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकातील भागांची माहिती दाखवणारी विंडोजमधील खिडकी, उघडला आणि माझ्याकडे पाहिले. तेथे रायझन ७ ७७०० असे लिहिले होते. म्हणजे आधीच्या पिढीचा, २०२३ च्या जानेवारीत आलेला प्रोसेसर. तोही आठच कोरचा आणि त्याच खाचेत बसणारा, त्यामुळे मदरबोर्ड पाहून काही कळायला मार्ग नव्हता. रॅमच्या दोन कांड्यांऐवजी ३२ जीबीची एकच कांडी होती. पॉवर सप्लायवर कोणत्याही दर्जाचे चिन्ह नव्हते. मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटे सॉफ्टवेअर घालून एसएसडीची माहिती काढली. ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे आजवर चाललेले तास, या ओळीपुढे ६,३१८ असा आकडा होता. माझ्या घरी तो संगणक जेमतेम चाळीस तास चालला असेल. ‘नवी’ म्हणून आलेली एसएसडी कोणाकडे तरी रात्रंदिवस धरले तरी आठ महिन्यांहून अधिक काळ राबलेली होती. तो मुलगा मग स्क्रूंवर बॅटरी धरून दाखवू लागला. दोन-तीन स्क्रूंची फुली झिजून गोल झाली होती, नव्या जोडणीत तशी होत नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. वीस वर्षे संगणकावर काम करणाऱ्या मला हे तपासायला पाच मिनिटे लागली असती.

विक्रेत्याचे उत्तर असे की, दोन्ही प्रोसेसर आठ कोरचेच आहेत, रॅम ३२ जीबीच दिली आहे, आणि ‘पार्ट उपलब्धतेनुसार बदलू शकतात’ असे कोटेशनच्या तळाशी लिहिले आहे. ते खरोखरच लिहिलेले होते. ती ओळ ज्या कोटेशनवर दिसेल, तेथे एक पैसाही भरू नका. बिल म्हणून जे आले त्यावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ एवढेच होते. भागांचे क्रमांक नाहीत, त्यामुळे एकाही कंपनीकडे वॉरंटी मागता येत नाही. त्यावरील जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ ने होती. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, २९ कर्नाटकाचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कोणालाही फुकट तपासणी करता येते; मी केली, तेव्हा तो क्रमांक रद्द झालेला दिसला. हे सगळे पैसे देण्याआधी पाहायचे असते.

आणि मग दाद मागायला निघाले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्या दिवशी मला दीड तास बसवून सांगितले की व्यवहार पुण्यात झाला, पुण्यात जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, हे मी छापून नेले होते. तेव्हा पवित्रा बदलला: ‘ताई, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, माल आला, आता माल पसंत नाही. ही दिवाणी बाब आहे.’ पसंत नाही! साडी आहे का ती, रंग आवडला नाही म्हणून परत करायला? नवी म्हणून जुनी वस्तू देणे, एक नाव सांगून दुसरी वस्तू देणे, खोटा कर क्रमांक छापणे, ही जर फसवणूक नसेल तर न्याय संहितेतील कलम ३१८ कोणासाठी लिहिले आहे? अर्जावर पोच द्यायलासुद्धा त्यांनी चार दिवस लावले. बँकेत शाखाधिकाऱ्यांनी मान हलवून सांगितले की पिन तुमचाच आहे. ज्या तक्रार कक्षात मी ऑनलाइन तक्रार नोंदवली, तेथून ती विक्रेत्याला पाठवण्यात आली, विक्रेत्याने ‘ग्राहकाला माल मिळाला आहे’ असे एका ओळीत कळवले, आणि तेवढ्यावर, मला एकदाही न विचारता, तक्रार निकाली काढल्याचा संदेश माझ्या फोनवर आला. नागरिकाने कोठे जायचे? प्रत्येक टेबलावर मला दुसऱ्या टेबलाचा पत्ता मिळाला, आणि प्रत्येक माणसाच्या नजरेत मला एकच प्रश्न दिसला, की तुम्ही असे कसे केलेत.

शेवटी १० फेब्रुवारी २०२५ ला जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील नसला तरी चालतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यामुळे थकून सोडून देऊ नका. विक्रेत्याच्या वकिलाने पहिला मुद्दा काढला की संगणक धंद्यासाठी घेतला, म्हणून मी ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात बसत नाही, असे कायद्यात स्पष्ट आहे. पण तक्रारीत ते शब्द पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवेत, आणि मी लिहिले नव्हते. दुरुस्तीच्या अर्जात एक तारीख गेली. दुसरा मुद्दा, की खोके उघडल्यानंतर चार दिवसांत मीच भाग बदलले असतील. हे ऐकताना माझे हात थरथरत होते. कायदा म्हणतो तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. सहा महिने उलटून गेले आहेत.

तोवर चार लग्नांपैकी दोन अल्बम आणि एक चित्रफीत कोल्हापुरात दुसऱ्याकडून २२,००० रुपये देऊन करून घेतली, आणि सध्या भाड्याचा संगणक दरमहा ५,५०० रुपयांवर चालू आहे. विक्रेत्याने पाठवलेला संगणक पुन्हा खोक्यात घालून, चिकटपट्टीवर यजमानांची आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलाची सही घेऊन माजघरात ठेवला आहे. पुढच्या तारखेला तो प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवावा असा अर्ज मी देणार आहे. अर्ज लिहून तयार आहे, आणि त्यासोबत ६,३१८ या आकड्याची छापील प्रत लावली आहे.