दूतावासातली इंटर्नशिप : सहा महिन्यांनंतरचा हिशेब

निवाडा आधीच सांगायचा तर मोठ्या दूतावासाच्या राजकीय विभागापेक्षा लहान कचेरीतला नागरिक-सेवा कक्ष कितीतरी जास्त शिकवतो. अर्जांची गर्दी मात्र राजकीय विभागाकडेच असते. तिथल्या महत्त्वाच्या फाइली गोपनीय, इंटर्नला त्या उघडायची मुभा नाही. मग वाट्याला येतात ती चर्चासत्रांची टिपणं. पाच-सहा अधिकाऱ्यांच्या कचेरीत माणसंच कमी, त्यामुळे हाती पडतं ते खरं काम.

खरी परीक्षा रुजू होण्याआधीची. पार्श्वभूमी पडताळणीला महिनेच्या महिने जातात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची इंटर्नशिप फक्त अमेरिकी नागरिकांसाठी असते, आणि तिथल्या एसएफ-८६ फॉर्मात मागच्या १० वर्षांचे पत्ते नि नोकऱ्या मागतात. दोन पत्त्यांमध्ये महिन्याभराची पोकळी राहिली की विचारणा आलीच. जुने पासपोर्ट, भाडेकरार, प्रवासाच्या तारखा आधीच एका कागदावर ओळीने मांडून ठेवा. निवड झाली म्हणजे जागा पक्की असं समजून विमानाचं तिकीट काढणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

पैशांचं चित्र देशागणिक वेगळं. अमेरिकेची ही इंटर्नशिप २०२२ च्या शरद सत्रापासून सपगारी झाली, त्याआधी बहुतेकांना फुकट राबावं लागे. युरोपीय संघाच्या परदेशी कचेऱ्यांतल्या प्रशिक्षणार्थींना मोबदला द्या, असं तिथल्या लोकपालांना २०१७ मध्ये सांगावं लागलं. नियुक्तिपत्रात मानधन, प्रवास, निवास आणि विमा हे चार शब्द वेगवेगळे शोधा. ‘सहकार्य केले जाईल’ याचा अर्थ पैसे मिळतील असा धरू नका. विम्यात उपचारांबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाईही हवी.

दूतावासात काम म्हणजे राजनैतिक संरक्षण, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्या. १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या सवलती दूतावासाच्या सदस्यांसाठी आहेत, आणि कोण आलं, कोण गेलं हे कलम १० नुसार यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला कळवावं लागतं. इंटर्नचं नाव सहसा त्या यादीत नसतं. म्हणून व्हिसा कुठल्या प्रकारचा घ्यायचा, हे कचेरीकडून लेखी मागा. युरोपातल्या शेंगेन भागात व्हिसामुक्त प्रवेशाची मर्यादा १८० दिवसांत ९० दिवसांची. सहा महिन्यांची इंटर्नशिप त्यात बसत नाही, आणि पर्यटक म्हणून येऊन काम करण्याची मुभा नसते ती गोष्ट वेगळीच.

रोजचं काम सुरू होतं वृत्तपत्रांच्या गोषवाऱ्याने. सकाळच्या बैठकीआधी आठ-दहा बातम्या, प्रत्येकी दोन-तीन ओळी: कुठे छापून आलं, कोण म्हणालं, काय घडलं. बिघडतं ते विशेषणांमुळे. संपादकाचा राग गोषवाऱ्यात उतरला की वाचणाऱ्याला ते सरकारचंच मत वाटतं.

दुसरं काम नोट व्हर्बाल, म्हणजे दूतावासाने मंत्रालयाला लिहिलेलं औपचारिक पत्र. ते तृतीय पुरुषात असतं. सुरुवातीला अभिवादन, शेवटी आदराची ठरलेली ओळ, क्रमांक, तारीख आणि शिक्का, सहीऐवजी आद्याक्षरं. नवख्याच्या मसुद्यात ‘आम्ही विनंती करतो’ हमखास येतं. तिथे ‘दूतावास विनंती करतो’ हवं. शेवटची ओळ शोभेची समजून कापू नका. ती गाळली की समोरचा त्यात नाराजी वाचतो.

राष्ट्रीय दिनाच्या समारंभाची यादी हाती आली तर ती देशांच्या नावांनी लावू नका. राजदूतांचा क्रम त्यांनी पदभार घेतल्याच्या तारखेवर आणि वेळेवर ठरतो. देश किती मोठा याला किंमत नाही. काही ठिकाणी व्हॅटिकनचे दूत सर्वांच्या आधी येतात, करारच तशी मुभा देतो. यजमान देशाच्या शिष्टाचार विभागाची ताजी यादी आदल्या दिवशी पुन्हा पडताळा, कारण मधल्या काळात कोणीतरी बदलून गेलेलं असतं.

पण सगळ्यात जास्त शिकवतो तो नागरिक-सेवा कक्षाचा फोन. आपल्या नागरिकाला अटक झाल्याचा फोन आला की नाव, पासपोर्ट क्रमांक, पोलीस ठाणं, अटकेची वेळ आणि फोन करणाऱ्याचा नंबर एवढं लिहून घ्या नि लगेच ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला द्या. वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे, अटकेतल्या माणसाने मागणी केल्यास पोलिसांनी विनाविलंब वाणिज्य दूतावासाला कळवायचं असतं. त्यामुळे त्याने तशी मागणी केली का, हा प्रश्न विचारायला विसरू नका. ‘सोडवून आणतो’ मात्र चुकूनही म्हणायचं नाही. कचेरी भेटायला जाऊ शकते, वकील मिळवून द्यायला मदत करू शकते. खटल्यात तिचं चालत नाही.

उणी बाजूही आहे. मोबाइल दारातल्या लॉकरमध्ये राहतो, पेनड्राइव्ह बंद, कागद घरी नेता येत नाही. त्यामुळे क्रेडिटसाठीचा अहवाल लिहिताना हाती काहीच नसतं. पहिल्याच आठवड्यात पर्यवेक्षकाशी ठरवून घ्या: कामाचे प्रकार लिहायचे, नावं आणि प्रकरणं नाहीत, आणि विद्यापीठात देण्याआधी मसुदा कचेरीला दाखवायचा. शिफारसपत्रही शेवटच्या दिवसावर टाकू नका. बदल्यांच्या हंगामात ओळखीचा अधिकारी निघून जातो, आणि नव्याला तुमचं काम ठाऊक नसतं.