मोहर्ली गेटवर कळलं की आमचं परमिट बनावट आहे

ताडोबाचा बेत आखताना कोअरचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचं, ऑनलाइन बुकिंग फुल्ल दिसलं, की माणूस दुसरी वाट शोधू लागतो. ठग नेमके तिथेच बसलेले असतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एकानं आमच्या घरच्यांना ३१,००० रुपयांना फसवलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण सत्तरीच्या आईबाबांना कडाक्याच्या थंडीत गेटवरून परत फिरावं लागलं, त्याचा संताप अजून शमलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या आईबाबांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी जागा का मिळत नाही ते सांगतो, कारण फसवणारा त्याच अडचणीवर जगतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं कोअर क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण पर्यटकांना त्यातला थोडाच भाग खुला असतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात व्याघ्र पर्यटनाचा प्रश्न गाजला, त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन ठेवायला सांगितलं. शिवाय प्रत्येक गेटला सकाळ-दुपारच्या गाड्या ठरलेल्या, एका जिप्सीत सहाच पर्यटक. त्यामुळे शनिवार-रविवारच्या मोहर्ली आणि कोलाराच्या जागा बघता बघता संपतात. वाघांसाठी हे बंधन योग्यच आहे आणि ते असायलाच हवं. फक्त त्या टंचाईचा फायदा कोण उठवतं, हे आपल्याला माहीत पाहिजे.

आम्ही सहा जण होतो: आई, बाबा, ताई, भावजी, भाचा आणि मी. फोनवरच्या शोधात सर्वांत वर एक जाहिरात आली. पानावर वनविभागाच्या चिन्हासारखं चिन्ह, वाघांचे सुंदर फोटो, खाली ढीगभर अभिप्राय. नंबरवर मेसेज टाकताच फोन आला. बोलणं अतिशय नम्र. "सर, टेन्शन घेऊ नका. वेबसाइटवर फुल्ल असलं तरी आमच्याकडे कोटा असतो. आईबाबा येतायत ना? त्यांना पुढची सीट देतो. गाइडपण आपला खास आहे."

भावजींनी त्याला सरळ विचारलं, सरकारी साइट असताना तुमच्याकडे परमिट कसं? उत्तर तयार होतं. तो म्हणाला, जुनी साइट घोटाळ्यामुळे बंद पडली, नवीवर लोड असतो, म्हणून आम्हाला अधिकृत भागीदार नेमलंय. यातला अर्धा भाग खरा होता. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या कंपनीवर १२ कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप होऊन चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला, आणि बुकिंग शासनाच्या नव्या संकेतस्थळावर गेलं. ही बातमी सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे तिला जोडून सांगितलेलं खोटंही खरं वाटतं.

त्यानं सहाही जणांच्या आधारचे फोटो मागितले. खऱ्या बुकिंगलाही ओळखपत्राचा नंबर द्यावाच लागतो, म्हणून त्यात वावगं वाटलं नाही. आधी निम्मी रक्कम, परमिट आल्यावर उरलेली. आणि परमिट खरंच आलं! पीडीएफवर आमची नावं, वयं, ओळखपत्रांचे शेवटचे आकडे, गेट मोहर्ली, रविवार सकाळ, बुकिंग क्रमांक, चौकोनी क्यूआर कोड, जिप्सीचा नंबर आणि गाइडचं नाव, सगळं जागच्या जागी. सोमवारच्या सकाळचं दुसरं परमिटही तसंच.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही गेटवर पोचलो. जिप्स्यांची रांग लागली होती, भाचा कानटोपी घालून उड्या मारत होता. खिडकीतल्या कर्मचाऱ्यानं क्रमांक टाकला, पुन्हा टाकला, मग हळूच म्हणाला, "साहेब, हा नंबर सिस्टीमवर दिसून नाही राहिला." त्यानं कागद उजेडात धरला आणि दुसऱ्या एका कुटुंबाचं खरं परमिट शेजारी ठेवून दाखवलं. आमच्या परमिटचा साचा जुना होता, त्यावर नावं नव्यानं चिकटवलेली. गाइडचं नाव आधीच छापलेलं पाहून त्यानं मान हलवली. गाइड गेटवर पाळीप्रमाणे मिळतो, तो आधीपासून कुणाचा 'खास' नसतो. असे कागद घेऊन येणारे आम्ही पहिले नव्हतो, हेही त्यानं सांगितलं. त्या माणसानं आम्हाला फार आपुलकीची वागणूक दिली, बाबांना बसायला खुर्ची आणून दिली, पण आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं आणि नसावंच.

तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. ठगानं आम्हाला आधी सोमवार-मंगळवार सुचवलं होतं. भावजींना मंगळवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून तारखा एक दिवस अलीकडे आल्या. ताडोबाचं कोअर दर मंगळवारी बंद असतं. ज्यानं ताडोबात एकदा जरी काम केलंय, तो मंगळवारची कोअर सफारी विकणारच नाही.

खरा धोका पुढे होता, आणि याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. गेटवरून फोन लावला तर त्यानं चक्क उचलला. "सॉरी सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, पूर्ण रिफंड देतो." लगेच एक क्यूआर कोड आला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. ताईनं भाच्याच्या हातातून फोन ओढून घेतला म्हणून वाचलो, नाहीतर आणखी तेवढेच गेले असते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. ज्याचे पैसे नुकतेच बुडालेत तो ते परत मिळवायला अधीर असतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

ताईनं तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, कारण तिथे हेच विचारतात. तक्रार जितकी लवकर जाते तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमची पहिली रक्कम केव्हाच काढून घेतलेली होती, आदल्या दिवशी पाठवलेल्या उरलेल्या रकमेपैकी काही गोठली. घरी आल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार केली, बँकेला कळवलं. सहाही आधार क्रमांक त्याच्याकडे गेल्यामुळे सर्वांचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. म्हणजे आपल्या बोटांचे ठसे आधारसाठी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाहीत. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या अॅपवर ते फुकट होतं.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. बुकिंग शक्यतो स्वतःच्या खात्यातून करा, आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट आयएन' आहे ना ते अक्षर अक्षर वाचून बघा. चंद्रपूर-नागपूरकडचे प्रामाणिक एजंट भरपूर आहेत, त्यांच्यामार्फत जायला हरकत नाही, पण परमिट आल्यावर प्रवासाची तिकिटं काढायच्या आधी प्रकल्पाच्या कार्यालयाला फोन करून बुकिंग क्रमांक तपासून घ्या. फोन नंबर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, शोधात वर येणारा नको. पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयला मागितले तर थांबा. 'कोटा' हा शब्द ऐकलात तरी थांबा. आणि कोअर मिळत नसेल तर बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाची, गेटं बघा: आगरझरी, जुनोना, देवाडा, अलीझंझा. वाघ कोअरची हद्द पाळत नाहीत. आम्हालाही त्या दुपारी बफरमध्ये जागा मिळाली, आणि आईला अस्वल दिसलं.

ज्या पानावरून आम्हाला गाठलं ते आता दिसत नाही, पण तसाच मजकूर आणि तेच वाघांचे फोटो दुसऱ्या नावानं पुन्हा आलेत, या वेळी पेंचच्या गेटांसाठी. कुणाला असं बनावट परमिट मिळालं असेल तर रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. पीडीएफ, चॅट आणि यूपीआय आयडी जपून ठेवा आणि तक्रारीत जोडा. एकच आयडी चार तक्रारींत दिसला, तर पोलिसांना ती प्रकरणं एकत्र जोडता येतात.