लाइव्ह सेंटरची टोपी: लाकडाची की ॲल्युमिनियमची?

लेथवर लाकडी वाडगा कातताना त्याची कड न दुखावता तो टेलस्टॉकने (लेथच्या टोकाकडच्या सरकत्या आधाराने) दाबून धरण्यासाठी शंकूच्या आकाराची टोपी लाकडाची करावी की ॲल्युमिनियमची, असा पेच एका नवशिक्या कातारी मित्राला पडला होता. त्याच्या लाइव्ह सेंटरवर (टेलस्टॉकमध्ये बसणाऱ्या, कामाबरोबर फिरणाऱ्या टोकावर) पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १० आटे आहेत. दोन्ही टोप्या त्यांवरच बसतील.

खर्चात लाकूड सरळ जिंकते. शिसवाचा उरलेला तुकडा, १६.५ मिमीचे भोक आणि टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) एवढ्यात काम होते. मात्र आटे पाडल्यावर त्यांत पातळ सुपरग्लू मुरवून, तो पूर्ण वाळल्यावर टॅप पुन्हा फिरवावा लागतो, नाहीतर आट्यांच्या धारा भुग्यासारख्या झडतात. ॲल्युमिनियमसाठी बहुधा धातूच्या लेथवाल्याकडे जावे लागते.

टिकाऊपणात धातू वरचढ आहे, कारण पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि टोपी किंचित डगमगू लागते. तरीही लाकडी टोपी सेंटरवरच पुन्हा कातून सरळ करता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. शिवाय ॲल्युमिनियम फिकट लाकडावर करडा डाग सोडते.

दर कामाला वेगळा आकार लागत असेल, तर लाकूडच घ्यावे. एकाच मापाच्या वस्तू रोज कातणाऱ्याने ॲल्युमिनियमची टोपी करवून टोकाला चामडे चिकटवावे.