टोपी उघडू नका, हवा जाईल

सायकल विकणाऱ्यानं मला तीन गोष्टी सांगितल्या. पुढचा चिमटा, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, रॉकशॉक्स या भारी कंपनीचा पाइक आहे. टायर ट्यूबलेस आहेत. आणि टायरमध्ये हवा २४ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर भरू नका. पहिल्या दोन थापा होत्या, तिसरी गोष्ट अगदी बरोबर होती. माझं मनगट मोडलं ते तिसरीमुळे.

मी पुण्याचा, वय ४६, वजन ७८ किलो. वजनाचा संबंध पुढे येईल. पाच वर्षं हायब्रीड सायकलवर सिंहगड रस्ता झिजवला आणि मग डांबर सोडून दगडात उतरायची हुक्की आली. बोपदेव घाट चढून कानिफनाथच्या बाजूला गेलात की कच्च्या वाटा लागतात. वर मुरूम, खाली कातळ, मधूनमधून डोक्याएवढे गोटे, उतारावर घसारा. पावसाळा संपला की गवत पिवळं पडतं आणि ते दगड त्यात लपून बसतात. तिथे हायब्रीड नेली की दात हलतात, म्हणून सेकंडहँड एमटीबी, म्हणजे डोंगरातली सायकल, शोधायला लागलो.

जाहिरातीत फोटो झकास होते. मालक जर्मनीला गेलाय, मित्र म्हणून मी विकतोय, ५८ हजार. नवी घेतली तर याच्या दुपटीच्याही पुढे. "दादा, दुसरं गिऱ्हाईक रात्री येतंय, पाच हजार टाकून ठेवा, मग तुमचीच." टाकले, यूपीआयनं. खातं कुणा बाईंच्या नावावर निघालं. "वहिनीचं आहे," म्हणाला. मी मान डोलावली. वहिनीचं खातं असायला काय हरकत आहे?

संध्याकाळी साडेसातला पिंपरी-चिंचवडच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये भेटलो. खांब नंबर बी-१४, फरशी गुळगुळीत, उजेड एका ट्यूबलाइटचा. मी दोन चकरा मारल्या. गिअर लोण्यासारखे पडत होते. हँडल दाबलं, शॉकअप मऊ खाली गेला, वर आला. आता कळतं, गुळगुळीत फरशीवर कुठलीही एमटीबी चांगलीच वाटते. चिमटा, टायर आणि ब्रेक यांची परीक्षा दगडातच होते, आणि त्यानं बदललं होतं ते नेमकं हेच. फ्रेम खरी होती, गिअरही खरे. मी नाव वाचून खूश होणारा माणूस आहे, हे त्यानं पहिल्या फोनवरच ओळखलं असणार.

एक प्रश्न मात्र मी विचारला होता. पाइक हवेवर चालतो. डाव्या नळीच्या डोक्यावर टोपी असते, ती काढली की खाली व्हॉल्व्ह. शॉकपंपानं आपल्या वजनाप्रमाणे हवा भरायची, म्हणजे नुसतं बसल्यावर चिमटा एकूण चालीच्या, म्हणजे तो जितका दबू शकतो त्याच्या, २० ते ३० टक्के दबला पाहिजे. १२० मिलिमीटरची चाल असेल तर २५ टक्क्यांनी ३० मिलिमीटर. हे सगळं वाचून गेलो होतो, म्हणून ऐटीत म्हटलं, "व्हॉल्व्ह बघू." तर म्हणाला, "टोपी उघडू नका दादा, हवा जाईल. पंप मित्राकडे आहे, मग भरायची कशी?" मला ते पटलं. व्हॉल्व्हवरची टोपी काढल्यानं हवा जात नाही, हे चौथीतल्या पोराला कळतं. पण समोरचा माणूस आत्मविश्वासानं बोलला की माझ्यातला चौथीतला पोरगा गप्प बसतो. बाकीचे ५३ हजार रोख मोजून दिले. बिल? "मित्राच्या ईमेलमध्ये आहे, उद्या पाठवतो."

पुढच्या रविवारी पहाटे बोपदेव. चढताना काही जाणवलं नाही. चढताना कुणालाच काही जाणवत नाही. उतारावर पहिल्याच मोठ्या दगडाला चिमटा तळाला लागला, 'ठक्' असा आवाज आला आणि हादरा थेट खांद्यापर्यंत. वाटलं हवा कमी असेल. पुढे एका डाव्या वळणावर धारदार कडेच्या दगडावरून पुढचं चाक गेलं, 'फस्स' झालं, टायर रिमवरून लोळला आणि मी डाव्या हातावर. हाडाला तडा, पाच आठवडे प्लास्टर.

तिथेच बसून चाक पाहिलं. टायरच्या कडेतून काळी ट्यूब डोकावत होती. तिला शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. दगड आणि रिम यांच्या मध्ये ट्यूब चिमटली की अशीच भोकं पडतात. खऱ्या ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून दगडात पकड मिळावी यासाठी हवा कमी ठेवता येते. आत ट्यूब, वर ७८ किलो आणि हवा २४ पीएसआय, म्हणजे पहिल्या बोचऱ्या दगडाची वाट बघणं. ट्यूब आहे असं नुसतं सांगितलं असतं तरी मी ३५ भरून गेलो असतो आणि धडधडत का होईना, घरी पोचलो असतो.

प्लास्टरमधल्या हातानं सायकल पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या मामांकडे नेली. मामांचा जन्म काळ्या सायकलींच्या पानाछर्ऱ्यात गेला, तरी अलीकडे महागड्या सायकलीही त्यांच्याकडे येतात. त्यांनी स्टिकरकडे पाहिलंसुद्धा नाही. लोखंडी डब्याला चिकटवलेलं एक चुंबक काढलं आणि चिमट्याच्या चकचकीत नळीला लावलं. टक्कन चिकटलं.

"पोलाद आहे हो साहेब. तुमच्या त्या भारीतल्याला ॲल्युमिनियम असतं ना?"

मग व्हर्नियर लावला. पाइकची नळी ३५ मिलिमीटरची, ही २८ ची. टोपी उघडली. हवा गेली नाही, कारण नव्हतीच. खाली व्हॉल्व्हच्या जागी स्प्रिंग घट्ट करायचा प्लास्टिकचा नट. चिमट्याच्या उजव्या पायाच्या तळाचं, दबलेला चिमटा किती वेगानं वर यावा हे ठरवणारं लाल बटण दोन्हीकडे गरागरा फिरत होतं, आतल्या कशालाच जोडलेलं नसताना. पुढच्या चाकाचा आस बारीक, क्विक रिलीजचा; मागच्याचा जाड, थ्रू-ॲक्सल. दोन चाकांचे हब दोन जातींचे. म्हणजे मूळ चिमटा आणि चाक काढून घेतलं आणि फ्रेमच्या रुंद डोक्यात रिंग घालून स्वस्तातला चिमटा बसवला. वर स्टिकर. ते मात्र उत्तम छापलेलं होतं, इतकं की रंगसंगतीबद्दल मी पार्किंगमध्ये कौतुकही केलं होतं!

सर्वात सोपी गोष्ट मामांच्या मुलानं सांगितली. रॉकशॉक्सच्या चिमट्याच्या खांद्यावर, मागच्या बाजूला, सिरीयल नंबर असतो. तो कंपनीच्या ट्रेलहेड या साइटवर टाकला की मॉडेल आणि वर्ष समोर येतं. फॉक्स या दुसऱ्या कंपनीचा असेल तर खालच्या पायाच्या मागे चार अक्षरांचा कोड. दोन मिनिटांचं काम. माझ्या चिमट्याच्या खांद्यावर काहीच नव्हतं, पुसलेलंही नव्हतं.

टायरचं म्हणाल तर हवा काढून वीतभर कड रिमवरून उचलायची आणि आत बघायचं. विकणाऱ्यानं कां-कूं केलं तर घरी जायचं. चाक कानाशी धरून हलवलं तर आत भोकं बुजवायला ओतलेल्या ताज्या सीलंटचा डुचमळण्याचा आवाज येतो, पण सीलंट काही महिन्यांत वाळतो, त्यामुळे आवाज नाही म्हणजे थाप असं लगेच समजू नका.

ब्रेकबद्दल मी त्याच्यावर आळ घेत नाही. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, लालसर दिसतं. माझ्या ब्रेकमधून पिवळट डॉट ऑइल निघालं आणि आतले रबरी सील फुगले होते. हे कुणा गाढवानं मोटरसायकलचं तेल ओतून केलेलं काम वाटतं. लबाडी आणि अडाणीपणा यांची भरपाई मात्र मी एकाच खिशातून केली. चिमटा २९ हजार, चाक ७, ब्रेक ६.

त्याला फोन केला. "दादा, तुम्ही चालवून बघून घेतली ना?" एवढंच म्हणाला. त्यानंतर रिंगच वाजेना. चौकीत हवालदारांनीही तोच प्रश्न विचारला, फक्त 'दादा' न म्हणता. पावती नाही, रोख रकमेला साक्षीदार नाही. अर्ज ठेवून घेतला. यूपीआयनं पैसे गेले की १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर त्याच दिवशी लावायचा असतो. मी दीड महिन्यानं लावला.

खरं सांगायचं तर माझ्या ओळखीत तीन जण सायकलीतले जाणकार आहेत. एकालाही बरोबर नेलं नाही. का, तर ते म्हणाले असते, "तुला यातलं काय कळतं?" आणि मला त्या संध्याकाळी कळणारा माणूस व्हायचं होतं.

फेब्रुवारीत एका मित्रानं मला एका जाहिरातीचा फोटो पाठवला. वेगळी सायकल, वेगळा फोन नंबर, किंमत ६४ हजार. मागे तीच फरशी, तोच खांब, बी-१४. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. वॉचमनला फोटो दाखवला.

"हे इथं राहत नाहीत," तो म्हणाला. "गेस्ट पार्किंगला येतात. महिन्यातून दोन-तीनदा."

त्यानं रजिस्टर उघडून दिलं. तारखा वेगळ्या, नावं वेगळी, फ्लॅट नंबर दर वेळी वेगळा, अक्षर एकच. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत लिहिलं होतं, 'सायकल देणे.'