वयाच्या पंचेचाळिशीत 'डूम': आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, मी गेम खेळणाऱ्यांतली नाही. मोबाइलवर सुडोकू, फार तर पत्ते. गेल्या दिवाळीत भाचा आला होता, तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'डूम' आणि 'डूम २' या बंदूक घेऊन राक्षस मारत पळायच्या जुन्या गेमची एकत्र आवृत्ती टाकून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली हीच ती. "आत्या, एक लेव्हल खेळून बघ, नाही आवडली तर काढून टाक." लॅपटॉप जुना असला तरी गेम त्याच्याहून जुना आहे, त्यामुळे चालायची अडचण नव्हती. काढून टाकायचं राहिलं ते राहिलंच. आता आषाढ लागला.

'डूम' मी पहिल्यांदा पाहिला तो १९९६ साली, दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास होता. आम्हाला डॉसच्या आज्ञा पाठ करायला लावायचे आणि मागच्या मशीनवर मुलं आळीपाळीनं राक्षस मारायची. मी एकदा नंबर लावला, तर सर म्हणाले, "मुलींनी टायपिंगचा सराव करा." केला. टायपिंग आजही बरं आहे.

आमच्या क्लासपर्यंत हा गेम पोचला कसा, हे मला आत्ता कळलं. टेक्सासमधल्या मेस्किट गावी 'इड सॉफ्टवेअर' नावाची मूठभर माणसांची कंपनी होती. त्यांनी १० डिसेंबर १९९३ ला या गेमचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला आणि सांगून टाकलं, हा फुकट घ्या, वाटा, आवडला तर पुढचे दोन भाग विकत घ्या. मग काय, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो जगभर गेला. दुकान नाही, जाहिरात नाही. आमच्या सरांनी पुढचे भाग विकत घेतले असतील असं मला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळे गेम 'बंदुकीचे गेम' म्हणून ओळखले जातात, म्हणून मी इतकी वर्षं त्यांच्या वाटेला गेले नव्हते. माझा नेम वाईट, त्यात आता जवळचा चष्मा. पण 'डूम'मध्ये नेमाला फारसं कामच नाही. मूळ गेममध्ये वर-खाली बघताच येत नाही. शत्रू गच्चीवर असो की खड्ड्यात, तुम्ही त्याच्या रेषेत उभे राहिलात की गोळी आपोआप तेवढी वर किंवा खाली जाते. हाताचं काम एवढंच. बाकी सगळं पायांचं.

मी शाळेत खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. खो-खो खेळलेल्यांना ठाऊक आहे, पळणारा वाचतो तो नुसत्या वेगामुळे नाही, तर पाठलाग करणाऱ्यावर नियमांचं ओझं असतं म्हणून. एकदा दिशा घेतली की त्याला मागं वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला सगळी मोकळीक. त्याची दिशा ठरू द्यायची, हुलकावणी द्यायची आणि दोन गड्यांच्या मधून पलीकडं. 'डूम'चे राक्षस नेमके असेच बांधलेले आहेत. इंप नावाचा तपकिरी काटेरी प्राणी आगीचा गोळा टाकतो तो तुम्ही त्या क्षणाला जिथं असता तिथं. तुम्ही कुठं निघालात याचा तो विचार करत नाही. गोळा दिसतो, सरळ येतो आणि बाजूला सरकायला वेळ देतो. पाच गोळे पाच दिशांनी आले की त्यांच्यामधून वाट काढायची. हे जमलं त्या रात्री मी खुर्चीत बसून चक्क खांदा झुकवला होता. तीस वर्षांनी.

रिंगणाचा खेळही आहे. काकोडेमन म्हणून एक लाल, गोल, एकडोळ्या उडता राक्षस आहे. त्याच्याभोवती तोंड त्याच्याकडे ठेवून गोल गोल फिरत राहायचं. त्याचे गोळे मागं पडत जातात. चेनगन, म्हणजे धडाधड गोळ्या सोडणारी बंदूक, हातात असेल तर एक एक गोळीनं तो असा दचकत राहतो की त्याला उलट मारायला उसंतच मिळत नाही. आणि तुमचा वेग! चालणं नाहीच, सगळं पळणंच. तिरकं पळालात तर सरळ पळण्यापेक्षाही वेगानं जाता. हिशेबातली ही गफलत पुढं खेळाडूंनी कौशल्यच करून टाकली.

सगळेच गोळे मात्र चुकवता येत नाहीत. शॉटगनवाले झाँबी आणि 'डूम २' मधले चेनगनवाले यांच्या गोळ्या दिसतच नाहीत, लागल्या की लागल्या. म्हणून खोलीत शिरल्या शिरल्या आधी यांना उडवायचं, धिप्पाड बॅरन नंतर. हे शहाणपण यायला मला महिना लागला. मोठा दिसणारा धोकादायक असतो ही सवयच मोडावी लागते.

मला सर्वांत गंमत वाटली ती त्यांच्या आपसातल्या भांडणाची. एकाचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर धावून जातो. इंपचा गोळा इंपला बाधत नाही, पण पिंकी नावाच्या दुसऱ्या राक्षसाला बाधतो. त्यामुळे काडतुसं संपली तरी डाव संपत नाही. दोन टोळ्यांच्या मधोमध जायचं, दोघांनाही मारायला लावायचं आणि बाजूला होऊन तमाशा बघायचा. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हे तंत्र वापरून पाहिलं आहे, जास्त बोलत नाही.

नियम इतके थोडे आणि इतके पक्के असल्यामुळे हरल्यावर राग स्वतःवरच येतो. अमुक राक्षस अमुकच करणार, शॉटगनमधून सात छर्रेच सुटणार, बंदुकीचा आवाज उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत जाणार आणि तिथले जागे होणार. गेमनं फसवलं असं म्हणायला जागा राहत नाही. बहुतेक वेळा.

लेव्हलच्या रचनेबद्दल. फुकट वाटलेल्या त्या पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल 'इड'मधल्या जॉन रोमेरोच्या आहेत. पहिलीच घ्या, 'हँगर'. खेळ सुरू होतो त्या दालनाच्या खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं आणि त्यात निळं चिलखत. जायला दार नाही. पुढं गेल्यावर एका भिंतीत चोरवाट सापडते आणि तुम्ही त्याच अंगणात, आता बाहेरून आत बघत. एवढ्या दोन मिनिटांच्या नकाशात त्यांनी सांगून टाकलं की दिसतं ते मिळतं, फक्त शोधावं लागतं. ही लेव्हल रोमेरोनं त्या भागात सगळ्यांत शेवटी बनवली म्हणे, हात पूर्ण बसल्यावर. पटतं. तिन्ही भागांच्या मिळून मूळ सत्तावीस लेव्हलपैकी एकोणीस मात्र त्याचा सहकारी सँडी पीटरसनच्या नावावर आहेत, त्यांतल्या काही टॉम हॉलच्या अर्धवट आराखड्यांवरून पुऱ्या केलेल्या. त्या रोमेरोइतक्या देखण्या नाहीत, पण खोडसाळ आहेत. दिवे घालवणं, मागची भिंत उघडणं, किल्ली उचलली की चारी बाजूंनी झडप.

हे सगळं १९९३ च्या मशीनवर पळायचं याचं श्रेय 'इड'चा प्रोग्रॅमर जॉन कारमॅकचं. त्यानं नकाशा आधीच तुकड्यांत कापून ठेवायची युक्ती वापरली. त्यामुळे खेळताना कुठली भिंत पुढं आणि कुठली मागं हे मशीनला नव्यानं शोधत बसावं लागत नाही. बदल्यात एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. सगळा नरक बैठ्या घरांचा आहे.

'डूम २' (१९९४) बद्दल माझं मत जरा विभागलेलं. दुनळी बंदूक आली, एका बारात वीस छर्रे, आणि ती भरतानाचा तो खटका. त्या आवाजासाठी मी चार महिने खेळले असं म्हटलं तरी चालेल. आर्चव्हाइल आला. हा मेलेल्यांना उठवतो आणि तुमच्याकडे बघत राहून पेटवतो. खांबाआड गेलात तर वाचलात. एका राक्षसानं खांबाची किंमत शिकवली. पण शहराच्या नावाखाली केलेल्या लेव्हल ठोकळ्यांच्या आहेत आणि चोविसावी, 'द कॅझम', म्हणजे हातभर रुंदीच्या कठड्यांवरून चालणं. पळण्याच्या खेळात पाय बांधायचे? मी ती फसवणुकीचा कोड टाकून ओलांडली, लाज वाटत नाही. किल्ल्या शोधत रिकाम्या खोल्यांतून हिंडणं हाही वैताग आहेच. नकाशा उघडून ठेवायची सवय लावा.

या आवृत्तीत 'लेगसी ऑफ रस्ट' हा नवा भागही आहे. दिसायला भव्य, आग फेकणारी नवी बंदूक झकास, पण मी त्यात दोनदा पार हरवले. जुनं संगीत की अँड्र्यू हल्शल्टनं नव्यानं वाजवलेलं, हे निवडता येतं. भाचा नवं लावतो. मी बॉबी प्रिन्सचं जुनंच, त्या टिणटिण आवाजात.

तीस वर्षांनी हे कोण खेळतं, असं मला नवऱ्यानं विचारलं. याचं उत्तर गेमच्या बाहेर आहे. नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं त्यांनी 'वॉड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं होतं, म्हणजे मूळ गेमला हात न लावता आपली लेव्हल घालता यावी. लोकांनी लगेच सुरुवात केली. १९९६ च्या 'फायनल डूम' मधले दोन्ही भाग अशा हौशी मंडळींनीच केलेले, कंपनीनं ते घेऊन विकायला ठेवले. १९९७ च्या डिसेंबरात कारमॅकनं गेमचा मूळ कोडच खुला केला. मग तो प्रिंटरच्या पडद्यावर चालला, २०२२ मध्ये एका ट्रॅक्टरच्या पडद्यावरही. आमच्या गावाकडं ट्रॅक्टर आहे, भावाला अजून सांगितलेलं नाही. आणि रोमेरो स्वतः २०१९ मध्ये 'सिजिल' घेऊन परत आला, त्याच जुन्या गेमसाठी नव्या लेव्हल. गावातला जुना कप्तान संध्याकाळी मैदानावर येऊन पोरांत खेळावा तसा. लोकांच्या लेव्हल या आवृत्तीतूनच उतरवता येतात. काही इतक्या अवघड आहेत की पहिल्या दहा सेकंदांत बंद केल्या, काही मात्र विकतच्याहून सरस.

मालिकेतले पुढचे भाग भाच्याच्या घरी थोडे थोडे खेळले, म्हणून थोडक्यात. २००४ चा 'डूम ३' अंधाराचा. त्यात मुळात टॉर्च धरला तर बंदूक धरता येत नाही. भीती वाटते, पण पाय जड होतात. २०१६ च्या भागानं पाय परत मोकळे केले, तिथं मला लगेच घरच्यासारखं वाटलं. २०२० चा 'इटर्नल' म्हणजे एकाच वेळी चार शेगड्यांवर स्वयंपाक. चिलखत हवं तर याला पेटव, काडतुसं हवीत तर त्याला करवतीनं काप. तरुण बोटांचं काम आहे.

घ्यायचा विचार असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिला आठवडा डोकं गरगरतं. दिवे लावून, पडद्यापासून जरा लांब बसून, वीस-वीस मिनिटं खेळा, जातं. काठिण्याच्या पाच पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालच्या पायरीवर मार निम्मा बसतो आणि काडतुसं दुप्पट मिळतात, तिथून सुरुवात करायला कमीपणा मानू नका. मी आता मधल्या पायरीवर आहे. कंट्रोलर स्वस्तातला घेतला होता, तिसऱ्या महिन्यात त्याची डावी काडी आपोआप एका बाजूला ओढायला लागली. 'डूम'मध्ये हे म्हणजे मरणच, म्हणून कीबोर्ड-माउसवर आले आणि मनगटाखाली घडी घातलेला पंचा ठेवते. रक्त, कवट्या, उलटे क्रॉस हे सगळं भरपूर आहे. चित्रं आज ठोकळेबाज दिसत असली तरी लहान मुलांसमोर मी लावत नाही.

सध्या 'फायनल डूम' मधल्या 'प्लुटोनिया'च्या पहिल्या लेव्हलला अडकले आहे, 'काँगो' नाव. पहिल्या लेव्हललाच आर्चव्हाइल ठेवणाऱ्या माणसांना काय म्हणावं! गेले अकरा दिवस तिथंच आहे. काल भाच्यानं व्हिडिओ कॉलवर बघायला बसून "आत्या, डावीकडे! डावीकडे!" असा एवढा ओरडा केला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. मी डावीकडे गेले नाही. उजवीकडचा चेनगनवाला जिवंत होता, त्याला दिसला नव्हता.