अंगकोर की जावा? देवळांसाठी जायचं तर आधी महिना बघा

कंबोडियातलं अंगकोर निवडायचं, की इंडोनेशियाच्या जावा बेटावरची बोरोबुदुर-प्रांबाननची जोडी? हा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी विमानाची भाडी काढून बसतात. ती नंतर बघा. आधी सुट्टी कोणत्या महिन्यात मिळतेय ते बघा. अंगकोरचं गाव सिएम रीप विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि जावातल्या देवळांजवळचं शहर योग्याकर्ता दक्षिणेला, त्यामुळे दोन्हीकडचे कोरडे महिने जवळजवळ उलटसुलट पडतात. अंगकोरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्च-एप्रिलमध्ये दगड असा तापतो की सकाळी दहानंतर फिरवत नाही, आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. जावात मे ते सप्टेंबर कोरडं आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचं. म्हणजे डिसेंबरची सुट्टी असेल तर कंबोडिया आणि मे-जूनची असेल तर जावा, इथवर अर्धा निर्णय झालाच.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. पावसातलं अंगकोर वाईट नसतं. सरी बहुधा दुपारनंतर येतात, खंदक भरलेले असतात, शेवाळलेले दगड हिरवेगार दिसतात आणि गर्दी कमी असते. बोरोबुदुरचं तसं नाही. ते टेकडीवर उघड्यावर उभं आहे, आडोसा असा नाहीच, आणि चढायला मिळणारी वेळ ठरावीक. त्याच वेळेत पाऊस आला तर काही इलाज नसतो.

आता दोन्हीकडे बघायला काय आहे ते. अंगकोर ही ख्मेर म्हणजे कंबोडियन साम्राज्याची राजधानी होती. नवव्या ते पंधराव्या शतकापर्यंत राजामागून राजा बांधत गेला, आणि आज सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या परिसरात ती सगळी देवळं पसरलेली आहेत. मध्य जावातली मोठी बांधकामं आठव्या-नवव्या शतकातली. दहाव्या शतकात राजदरबार पूर्व जावात गेला आणि ती मागे पडली. बाराव्या शतकात ख्मेर राजा दुसऱ्या सूर्यवर्मनने अंगकोर वाट हे तिथलं सर्वांत मोठं देऊळ बांधायला घेतलं, तेव्हा प्रांबानन होऊन अडीचशे वर्षं उलटली होती. दोघांचा धागाही जुळतो. ८०२ साली ख्मेर राजा दुसऱ्या जयवर्मनने महेंद्रपर्वतावर स्वतःला चक्रवर्ती घोषित केलं ते ‘जावा’च्या वर्चस्वातून सुटण्यासाठी, असं अकराव्या शतकातला एक शिलालेख सांगतो. तो जावा म्हणजे हेच बेट का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

अंगकोर वाटला गेलात तर पहाटेच्या फोटोसाठी तळ्याकाठी धक्के खाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो आणि समोरून दिसते ती नुसती काळी आकृती. दर्शनी बाजूवर ऊन येतं ते दुपारनंतर. सगळे तळ्यापाशी उभे असतात, तेव्हा तुम्ही सरळ आतल्या ओवऱ्यांकडे जा. पूर्वेकडच्या ओवरीत, दक्षिणेच्या भागात, जवळजवळ ४९ मीटर लांबीचा समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मध्ये कासवाच्या पाठीवर रवी आणि तिच्यापुढे विष्णू. गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, त्यामुळे बरेच जण दोन मिनिटांत पुढे सरकतात. जरा खाली वाकून पाण्याचा पट्टा बघा. कडेला मासे आणि मगरी आरामात पोहताहेत, पण रवीच्या जवळ सरकाल तसे त्यांचे तुकडे होत गेलेले दिसतात. घुसळणीचा वेग शिल्पकाराने असा दाखवलाय. वासुकीच्या शेपटीकडे, देवांच्या रांगेच्या शेवटी, चक्क एक वानर ओढतोय.

या ओवऱ्यांमधली शिल्पं उजव्या हाताने प्रदक्षिणा घालत बघायची नाहीत. त्यांचा क्रम उलटा, अप्रदक्षिण आहे. पश्चिमेकडे तोंड आणि हा उलटा क्रम यांवरून काही अभ्यासक हे राजाचं स्मृतिमंदिर असावं असं मानतात. पश्चिमेच्या ओवरीत एका बाजूला कुरुक्षेत्र आहे, तिथे शरपंजरी भीष्म शोधा, आणि दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध.

बाकी अंगकोरमध्ये बायॉन देवळाचे दगडी चेहरे आणि ता प्रोम देवळाला वेढणारी झाडं सगळे बघतातच. ता प्रोम सातव्या जयवर्मनने ११८६ साली आईसाठी बांधलं आणि त्याच्या दुरुस्तीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हात आहे. माझ्या लेखी मात्र बांतेय स्रेई हे देऊळ चुकवू नये असं आहे. ९६७ सालचं, गुलाबी वालुकाश्माचं, उंचीने छोटं आणि राजाने नव्हे तर यज्ञवराह नावाच्या दरबारी ब्राह्मणाने उभारलेलं. मुख्य परिसरापासून पंचवीसेक किलोमीटर लांब पडतं म्हणून लोक ते गाळतात.

जावात देवळांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाही, पण मुख्य कार्यक्रम दोनच. बोरोबुदुर हे बौद्ध स्थळ. सहा चौकोनी आणि त्यावर तीन गोल असे नऊ थर, ५०४ बुद्धमूर्ती आणि वरच्या गोलांवर ७२ जाळीदार स्तूप. इथे क्रम प्रदक्षिणेचाच आहे. अडचण अशी की आता वर मनाला येईल तसं चढता येत नाही. दिवसाला ठरावीकच लोक, वेळ नेमून दिलेली, बरोबर वाटाड्या आणि पायांत तिथेच मिळणाऱ्या खास मऊ चपला. वर जायचं परदेशी प्रौढाचं तिकीट ४,५५,००० इंडोनेशियन रुपियाच्या घरात आहे. ज्याला एकेका शिल्पासमोर रेंगाळायचं असतं, त्याला हे जाचक वाटणार. दगड झिजत होते, म्हणून नियम आले, हेही खरं.

प्रांबाननला तसा जाच नाही. नवव्या शतकातलं हे त्रिमूर्तींचं संकुल आहे. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच. त्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण सुरू होतं ते पुढे ब्रह्ममंदिरावर जाऊन संपतं, आणि विष्णुमंदिरावर कृष्णकथा. सेतुबंधनाच्या शिल्पात वानर दगड टाकताहेत आणि खाली मासे ते तोंडात धरून आहेत. उत्तरेच्या गाभाऱ्यातल्या महिषासुरमर्दिनीला तिथले लोक रोरो जोंगरांग म्हणतात आणि तिची एका राजकन्येची लोककथाच सांगतात. जवळच सेवू आणि प्लाओसान ही बौद्ध देवळंही आहेत.

मग जावाची बाजू उजवी कुठे? संध्याकाळी. अंगकोरला पाच-साडेपाचनंतर देवळं बंद झाली की सिएम रीपचा बाजार, हॉटेलं आणि पर्यटकांसाठीचे नाचाचे कार्यक्रम उरतात. योग्याकर्ता हे नांदतं शहर आहे. सुलतानाचा राजवाडा, गामेलान हा तिथला वाद्यवृंद, मेण लावून रंगवलेलं बाटिक कापड, आणि रात्र-रात्र चालणारा वायांग कुलित म्हणजे चामडी बाहुल्यांचा छायाखेळ, ज्यात भीम-अर्जुनच असतात. कोरड्या महिन्यांत प्रांबाननसमोरच्या उघड्या रंगमंचावर रामायण नृत्यनाट्य होतं. १९६१ पासून ते चालू आहे, आणि नाचणारे कलाकार बहुतांश मुसलमान. रामकथा तिथे कुणाला परकी वाटत नाही. हे बघायला मिळणं मला आणखी दोन देवळं बघण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

खर्चाचं थोडक्यात. अंगकोरचा पास एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा घ्या. ते दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, फक्त त्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा मळकी नोट कुणी घेत नाही. जावात राहणं-खाणं स्वस्त पडतं. शाकाहारींची सोयही तिथे बरी, कारण तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू गल्लोगल्ली मिळतं. तरी सांबाल या मिरचीच्या चटणीत कोळंबीची पेस्ट असू शकते, विचारून घ्या. ख्मेर जेवणात माशाचा सॉस न विचारता पडतो.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर अंगकोर अवघड नाही, फक्त विस्ताराने मोठं आहे. टुकटुक दिवसभरासाठी ठरवा, सकाळी दोन देवळं, दुपारी विश्रांती, चारनंतर एक. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना फार खडा आहे, तो सोडला तरी ओवऱ्यांत सगळं मिळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे मात्र हवेतच. बोरोबुदुर चढायला गुडघे धड हवेत. प्रांबाननला शहरातून लोकल गाडीनेही जाता येतं, स्टेशनचं नाव ब्रांबानान.

कंबोडियातलं, थायलंडच्या हद्दीला लागून असलेलं प्रेह विहिआर हे देऊळ सध्या यादीत धरू नका. २०२५ मध्ये त्या सीमेवर लढाई झाली आणि रस्त्याने ये-जा करायची नाकी बंद पडली. म्हणून बँकॉकहून बसने सिएम रीप हा जुना स्वस्त बेतही गृहीत धरू नका.

देवळांचं खरंच वेड असेल, दगडासमोर तासभर उभं राहायची तयारी असेल तर अंगकोर, आणि किमान चार दिवस. घरात एकाला देवळं, दुसऱ्याला संगीत आणि तिसऱ्याला बाजार हवा असेल तर योग्याकर्ता. जावा ठरलं तर बोरोबुदुरवर चढायचं तिकीट कोणत्या तारखेचं मिळतंय ते आधी बघा, मग राहण्याचं आणि विमानाचं त्याभोवती बसवा.