६० मिलचा बांबू बॅरियर, १९ महिन्यांनंतर: पत्रा पास, सांधा नापास

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बांबू पसरू नये म्हणून त्याच्याभोवती जमिनीत गोल पुरलेल्या बॅरियरच्या बाहेर, कुंपणाच्या अंगाला, १४ इंचांवर तांबूस सालीचा एक कोंब वर आला. त्याच दिवशी या मालाला एक तारा द्यायचं ठरलं होतं. आता ऑक्टोबर आहे. मत बदललंय, पण पूर्ण नाही.

माल नेहमीचाच: काळं एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकचा पत्रा, ३० इंच रुंद, ६० मिल म्हणजे दीड मिलिमीटर जाड, २५ फुटी रोल. आत काळा बांबू, फायलोस्टॅकिस नायग्रा. जागा नॉर्थ कॅरोलायना, म्हणजे ती लाल चिकणमाती. रोप ओळखीतल्या बेटातून फुकट मिळालं. पिंजऱ्याने मात्र खिसा रिकामा केला.

आधी रोपाविषयी, कारण इथे आपली गावाकडची सवय आडवी येते. कोकणात माणग्याची कांडी पेरासकट पुरली तरी फुटते. या पळणाऱ्या बांबूची नुसती काठी कितीही निगुतीने लावा, ती वाळून सरपण होते. नवीन फूट काठीतून येत नाही, जमिनीखाली आडव्या पळणाऱ्या कंदातून येते. म्हणून काढताना दोन-तीन काठ्या आणि त्यांना जोडलेला फूटभर कंद हवाच. कंद पिवळसर, टणक आणि पेरापेरावर डोळे असलेला बघून घ्यायचा. तपकिरी, सुरकुतलेला असेल तर तो म्हातारा, त्यात दम नाही.

काढायची वेळ कोंब फुटायच्या आधीची, इथे फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य. एकदा कोंब वर यायला लागले की हात लावायचा नाही. धक्क्याने कोंब मोडतात आणि झाड साठवलेली सगळी ताकद घालवून बसतं. मुळांसकट मातीचा मोठा गड्डा उचलायचा मोहही आवरा. दीड फूट व्यासाचा, फूटभर खोल ओला गड्डा ८०-९० किलो भरतो, दोघांनाही हलत नाही. एक फूट व्यास आणि दहा इंच खोली पुरते. तेवढाही ३०-३५ किलो होतोच. अरुंद पात्याच्या फावड्याने चारी बाजूंनी सरळ खाली कापायचं, जाड कंद छाटणीचं पातं लावलेल्या रेसिप्रोकेटिंग सॉने (पातं मागेपुढे चालणारी यांत्रिक करवत) तोडायचा, मग पहारीने उचलायचं. फावड्यानेच कंद उचकटला की चिरफळ्या होतात आणि नेमके टोकाचे डोळे जातात.

मुळं वाऱ्यावर काही मिनिटांत सुकतात, तेव्हा ओलं गोणपाट आधीच हाताशी असू द्या. गाडीतून नेताना पानांवर चादर गुंडाळा, नाहीतर हायवेवरचा वारा त्यांतलं पाणी शोषून घेतो. शेंड्याचा एक तृतीयांश छाटला तर बरं. लावायचं मूळच्याच खोलीवर, फार तर इंचभर खाली. काठ्या तिन्ही बाजूंनी दोरीने ताणून बांधा. वाऱ्याने बुंधा हलत राहिला तर नवी मुळं तुटतात, आणि रोप "लागलं नाही" असं आपण म्हणतो त्याचं निम्मं कारण हेच. पानं नळीसारखी गुंडाळली की पाणी द्या. पहिल्या महिन्यात बरीच पानं गळतात, त्याने घाबरायचं कारण नाही.

आता पत्रा पुरायचा चर. खणण्याआधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते कळतं. तो फुकट असतो, पण माणूस येऊन खुणा करून जाईपर्यंत काही दिवस जातात. २४ फूट लांब, २८ इंच खोल, सहा इंच रुंद चरातून जवळपास १.४ टन माती निघते. ही ओळ रोलच्या खोक्यावर छापायला हवी. पत्रा वर दोन इंच उघडा ठेवायचा. चरात कंपोस्ट किंवा भुसभुशीत माती घालायची नाही, निघालेलीच माती थरथर ठोकून भरायची. कंद बहुतेक वरच्या फूटभरातच पळतो. खाली मऊ लागलं की मात्र तो खाली डोकं घालतो. हे सगळं मालासोबतच्या पत्रकात बरोबर लिहिलेलं आहे.

चूक आहे ती सांध्याची, म्हणजे गोल फिरवलेल्या पत्र्याची दोन टोकं एकावर एक घडी करून जोडतात तिथली. किटमध्ये फक्त दुहेरी चिकटपट्टी येते, स्टीलच्या पट्ट्यांचा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो. "ऑप्शनल" असं लिहिलेलं होतं, म्हणून ते पैसे वाचवले. त्याच वाचवलेल्या पैशांची ही वसुली. मार्चच्या ओल्या हवेत, चिखलाच्या हाताने लावलेली पट्टी धरते कशी म्हणता? धरतच नाही. पुढे उन्हाळ्यात चिकणमाती आकसते आणि पत्र्यापासून सुटते. कंदाचं टोक भिंतीला घासत घासत गोल फिरत येतं, आतल्या घडीच्या कडेला अडकतं आणि दोन पापुद्र्यांच्या मधून बाहेर सरकतं. उकरल्यावर नेमकं हेच दिसलं. पत्र्याला ओरखडासुद्धा नव्हता. चिकटपट्टी जुन्या बँडेजसारखी सोलून निघाली होती आणि मधून करंगळीएवढा पिवळा कंद गेलेला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: बसवण्यात चूक, वॉरंटी फक्त पत्र्याला. तीन मेल झाल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. पुढची खरेदी कशाची, अजून एका गळक्या सांध्याची?

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहिलं होतं, तेव्हा एकाचे दोन तारे झाले होते. जूनमध्ये सांधा पुन्हा बांधताना खरी भानगड कळली आणि थोडं मागे घ्यावं लागलं. पत्रक सांगतं की पत्रा वरून बाहेर कलता ठेवा, म्हणजे कंद वर वळतो. सरळ रेषेत लावाल तर सल्ला उत्तम आहे. गोल लावताना हिशेब करा. ३० इंच उंचीला १० अंश कल दिला तर वरची कड सव्वापाच इंच बाहेर जाते, म्हणजे वरचा परीघ खालच्यापेक्षा सुमारे ३३ इंच जास्त लागतो. सरळ पट्टी ती लांबी आणणार कुठून? मग सगळा फरक सांध्यात येतो: खाली घडी रुंद, वर अपुरी, कडा तिरक्या. अशा तिरक्या कडांवर चिकटपट्टी बसत नाही, आणि क्लॅम्प तर मुळीच नाही. आठ फुटांहून लहान गोलात कल विसरा, पत्रा उभाच लावा. २५ फुटी रोलमधून फूटभर घडी सोडली तर व्यास ७.६ फूटच येतो. म्हणजे हा रोल घेणारा प्रत्येक जण याच कचाट्यात सापडणार, आणि पत्रकात याचा एक शब्द नाही.

नवा सांधा असा केला: बाहेरून तीन फूट रुंद खड्डा खणला, कडा समांतर करून घेतल्या, दोन्ही पृष्ठभाग रबिंग अल्कोहोलने पुसून कोरडे केले, चिकटपट्टीच्या दोन उभ्या रांगा लावल्या आणि वरून दोन्ही अंगांनी स्टीलच्या पट्ट्या बोल्टने आवळल्या. अजून काही बाहेर आलेलं नाही. सांधा कुंपणाकडे होता हीसुद्धा चूकच, तिथे खणायला कोपर हलत नाही. तो लॉनच्या बाजूला घ्या. आणि कुंपण म्हणजे शेजारी. कनेक्टिकटमध्ये २०१३ पासून शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलेल्या अशा बांबूची जबाबदारी कायद्याने लावणाऱ्यावर आहे. न्यूयॉर्कमध्ये गोल्डन आणि यलो ग्रूव्ह हे दोन प्रकार विकायलाच बंदी आहे.

सांधा नीट झाला तरी सुटका नाही. सप्टेंबरमध्ये आतल्या कडेने फावडं फिरवलं तर सात कंद वरची कड ओलांडायच्या बेतात होते, त्यातले पाच एकाच जागी. तिथे पालापाचोळा साचून ती दोन इंचांची उघडी कड झाकली गेली होती. ती कड दिसत राहिली पाहिजे, बॅरियरचं अर्धं काम तीच करते. वर्षातून दोन फेऱ्या धरा, एक उन्हाळ्याच्या शेवटी आणि एक थंडीआधी. कंदाचा पळायचा जोर तेव्हाच असतो.

एवढी फेरी मारायचीच असेल तर पैसे नसलेल्यांनी बॅरियर सोडून दहा इंच खोल, फूटभर रुंद चर खणून त्यात वाळू भरावी. मोकळ्या बाजूला ते पुरतं, कंद वाळूत सहज सापडतो. कुंपणाच्या बाजूला मात्र हा पत्राच हवा. पत्र्याला चार तारे, पत्रकाला एक, चिकटपट्टीला शून्य.

बाहेर पडलेला कंद ओढून काढताना तुकडा राहिला तर तो डोळ्यातून पुन्हा फुटतो. फुटलेला कोंब फूटभर झाला की मोडायचा, प्रत्येक वेळी. पानं मिळाली नाहीत की तो तुकडा उपाशी मरतो. मोडलेला कोवळा कोंब वास्त्यासारखा चिरून, उकळून, पाणी फेकून भाजीत चालतो. कापलेले कंद मात्र कंपोस्टात नकोत, ते तिथेच मूळ धरतात. काँक्रीटवर उन्हात टाकायचे आणि हाताने कटकन मोडायला लागले की मगच उचलायचे.